शाफ्टची स्लीव्ह: सीएनसी लेथवर करून घेतलेल्या एका भागाची हकिकत

पावसाळी मासेमारीबंदीचा काळ, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, हा कोकण किनाऱ्यावरच्या ट्रॉलरमालकांचा दुरुस्तीचा हंगाम असतो. बोट खाडीकाठी वर ओढलेली असते, जाळी उतरलेली असतात, बरेचसे खलाशी गावी गेलेले असतात आणि हंगामभर ‘बंदीत बघू’ म्हणून मागे टाकलेली सगळी कामे याच दिवसांत समोर येऊन उभी राहतात. रत्नागिरीत राजिवड्याच्या बाजूला वर काढलेल्या माझ्या चुलत भावाच्या ट्रॉलरचे असेच एक काम होते. पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथे पाणी अडवणारा ग्लँड कितीही आवळला तरी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, पाणी येत राहते आणि जास्त आवळला तर शाफ्ट तापतो, ही तांडेलाची (बोट चालवणाऱ्याची) हंगामभराची तक्रार होती. शाफ्ट बाहेर काढल्यावर तिचे कारण उघड दिसले. ग्लँडखाली शाफ्टवर चढवलेल्या गनमेटलच्या (तांब्या-कथलाच्या मिश्रधातूच्या) स्लीव्हवर, म्हणजे नळीसारख्या वेष्टनावर, ग्लँडमध्ये भरलेल्या पॅकिंग दोरीच्या प्रत्येक वेढ्याने आपापली खाच पाडली होती आणि सर्वांत खोल खाचेत अंगठ्याचे नख सहज अडकत होते. अशा पृष्ठभागावर नवी दोरी घालून ग्लँड आवळला, तर दोरी खाचांच्या माथ्यावर दाबली जाते आणि पाणी खाचांच्या तळातून आत येते.

ही स्लीव्ह बाजारात तयार मिळत नाही. आमच्याकडच्या लाकडी ट्रॉलरचे शाफ्ट ज्या त्या वेळी हाताशी असलेल्या मापाचे घेतलेले असतात, पुढे कधीतरी कुणीतरी ते लेथवर धरून ‘साफ’ करून घेतलेले असतात, आणि त्यामुळे नावाला ५० मिमीचा असलेला शाफ्ट प्रत्यक्षात किती आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. मी यांत्रिकी पदविकेनंतरची बहुतेक वर्षे बोटींच्या इंजिनांच्या दुरुस्तीत घालवली असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले, आणि ते मिरजोळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यातल्या सीएनसी (संगणकी आज्ञांवर चालणाऱ्या) लेथवर करून घ्यायचे ठरले.

सर्वप्रथम धातू ठरवायचा होता. जुनी स्लीव्ह गनमेटलची होती म्हणून नवीही तीच करावी, असे भावाचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही, कारण गनमेटल समुद्राच्या पाण्यात चांगले टिकते, लेथवर लोण्यासारखे कापले जाते आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीतून त्याचा ओतीव नळकांडा सहज येतो. पण ते मऊ असते, आणि खाडीच्या गढूळ, रेतीमिश्रित पाण्यात पॅकिंगमध्ये अडकलेला वाळूचा कण त्याच्यावर कानसच चालवतो. म्हणून आम्ही ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील घेतले. भांड्यांपासून रेलिंगपर्यंत सगळीकडे दिसणाऱ्या ३०४ मध्ये आणि ३१६ मध्ये महत्त्वाचा फरक मॉलिब्डेनमचा आहे; ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असते आणि खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना तेच रोखून धरते. दिसायला मात्र दोन्ही सारखीच असतात, दोन्हींना लोहचुंबक जवळपास चिकटत नाही, आणि ३१६ सांगून ३०४ गळ्यात मारण्याचा प्रकार किनाऱ्यावर अनेकांच्या वाट्याला आलेला आहे. त्यामुळे ६५ मिमी व्यासाचा गज कोल्हापूरहून आला तेव्हा त्याच्या कापलेल्या तोंडावर मॉलिब्डेनमच्या चाचणीचे द्रावण टाकून आणि त्याला बॅटरी लावून रंग बदलतो हे पाहिल्यानंतरच तो पुढे कापायला दिला.

स्टेनलेस घेताना एक पथ्य सोबत येते. ग्रॅफाइटची पॅकिंग दोरी खाऱ्या पाण्यात स्टेनलेसला खड्डे पाडते, विशेषतः बोट बरेच दिवस उभी असते आणि ग्लँडमधले पाणी साचून राहते तेव्हा. दोरीही बदलावी लागणार, हे भावाला आधीच सांगून ठेवले.

यानंतरचे मोजमापाचे काम मला सगळ्यांत जास्त महत्त्वाचे वाटते. जुनी स्लीव्ह ग्राइंडरने लांबीत जवळजवळ शाफ्टपर्यंत कापून छिन्नीने उकलली आणि तिच्याखालचा शाफ्ट साफ केला. पुष्कळजण अशा वेळी जुना भागच कारखान्यात नेऊन ‘असाच करून द्या’ म्हणून सांगतात. झिजलेला, ताणलेला, कापून काढलेला भाग स्वतःच्या मूळ मापाविषयी जवळजवळ काहीच सांगू शकत नाही. त्याच्यावरून फार तर लांबी आणि आकार कळतो. खरे माप शाफ्टवर असते. मी शाफ्टची ती ११० मिमीची पट्टी चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी काटकोनात दोनदा, अशी मायक्रोमीटरने मोजली. सर्वांत मोठे माप ४९.९७ आले, सर्वांत लहान ४९.९५, आणि शाफ्ट कपलिंगच्या (इंजिनाला जोडणाऱ्या सांध्याच्या) बाजूला किंचित बारीक होत गेलेला आढळला.

स्लीव्ह तापवून चढवायची, म्हणजे तिचे भोक शाफ्टपेक्षा किंचित लहान हवे. किती लहान, याला बरेच बंधन असते. फरक कमी ठेवला तर इंजिन उलट-सुलट फिरताना स्लीव्ह शाफ्टवर घसरेल. जास्त ठेवला तर ५ मिमी जाडीची भिंत थंड होताना आपल्याच ताणाने खेचली जाऊन कायमची सैल होईल. ५० मिमी व्यासाला ०.०३ मिमीचा दाब ठेवला, म्हणजे भोक तेवढे लहान ठेवले, तर भिंतीत सुमारे ११५ मेगापास्कल ताण येतो, आणि ३१६ ची यील्ड मर्यादा, म्हणजे धातू कायमचा ताणला जाण्याची मर्यादा, किमान २०५ मेगापास्कलच्या आसपास धरली जाते. त्यामुळे ०.०३ हे मधले माप धरून आतला व्यास ४९.९२५ ते ४९.९४० मिमी असा ठरवला. पंधरा मायक्रॉनची (मिमीच्या हजाराव्या भागांची) जागा फार नसते, पण नीट सांभाळलेल्या सीएनसी लेथवर ती मिळते.

आता आराखडा. माझे ठाम मत असे झाले आहे, की आराखडा काढणारा माणूस सगळीच मापे कडक देतो तेव्हा त्याने विचार केलेला नसतो. या स्लीव्हमध्ये आतल्या व्यासाचे माप अत्यंत कडक हवे होते, पण त्याचा पृष्ठभाग साधारण असला तरी चालणार होता. बाहेरच्या व्यासाचे नेमके उलट होते: ६० मिमीत ०.०५ इकडे-तिकडे झाले तरी पॅकिंग दोरी ते सामावून घेते, पण तिथला पृष्ठभाग आरशाच्या जवळ जाणारा हवा, कारण दोरी त्याच्यावर तासन्‌तास घासणार असते. आतल्या आणि बाहेरच्या व्यासांचा मध्य मात्र एकच हवा, नाहीतर शाफ्ट फिरताना स्लीव्ह डोलेल आणि ग्लँड कधीच नीट बसणार नाही. लांबी ११० मिमीत अर्धा मिमी कमी-जास्त चालणार होती. शिवाय आतल्या बाजूला दोन्ही टोकांना ३० मिमीच्या पट्ट्याच मापात ठेवून मधला ५० मिमीचा भाग ५०.४ वर मोकळा सोडला, म्हणजे चढवताना कमी अंतर घासायचे आणि मोजायलाही कमी जागा. चढवण्याच्या तोंडाला आतून लांबट उतार आणि बाहेरच्या दोन्ही कडांना चॅम्फर, म्हणजे तिरपा छेद, दाखवला, कारण धारदार कडेवरून नवी दोरी सरकवली तर तिचे धागे पहिल्याच दिवशी कापले जातात.

कारखान्याच्या मालकांनी आराखडा पाहून पहिला प्रश्न विचारला तो “एकच नग?” हा. त्यांचे बरोबरच होते. सीएनसीवर एक नग करायला आणि शंभर नग करायला जुळवणीचा वेळ जवळजवळ सारखाच लागतो. जॉ, म्हणजे नग धरणाऱ्या चकाचे जबडे, बदलायचे, टूल लावायचे, प्रोग्रॅम लिहायचा, पहिला नग भीत भीत काढायचा, आणि हे सगळे झाल्यावर मशिन मोकळे. शेवटी दोन नग करायचे ठरले, एक पूर्ण आणि एक राखीव, आणि राखीव नगाचा आतला-बाहेरचा व्यास पूर्ण न करता अर्धा अर्धा मिमी धातू शिल्लक ठेवायचा, म्हणजे पुढेमागे दुसऱ्या बोटीचा शाफ्ट निघाला तर त्याच्या मापाने तो पुरा करता येईल.

पातळ भिंतीचा भाग पकडायचा कसा, यावर ऑपरेटरशी बरीच चर्चा झाली. तरुण मुलगा, पण हात आणि डोके दोन्ही शांत. तीन जॉच्या चकात ५ मिमी जाडीची नळी आवळली तर ती तीन ठिकाणी दबते, दबलेल्या अवस्थेत आतला व्यास अगदी गोल कापला जातो आणि चक सोडला की नळी मूळ आकाराला परत येते, पण कापलेला गोल मात्र तिकोनी होऊन बसतो. मायक्रॉनच्या हिशोबात हा तिकोनीपणा सगळी जागा खाऊन टाकतो. त्यावर त्याने सुचवलेला उपाय साधा आणि मला पटणारा होता: तुकडा ११० नव्हे तर १५० मिमी लांब कापायचा, मागचा जाड भाग चकात धरायचा आणि पुढच्या भागात आतले-बाहेरचे सगळे काम एकाच पकडीत संपवून मग स्लीव्ह मागच्या तुकड्यापासून वेगळी करायची. पकड जाड धातूवर असल्यामुळे स्लीव्हवर दाब येत नाही आणि पकड एकच असल्यामुळे दोन्ही व्यासांचा मध्य आपोआप एक राहतो. याची किंमत मालकांनी तिथेच हिशोब करून सांगितली. ६५ मिमी व्यासाचा १५० मिमी तुकडा जवळजवळ ४ किलो भरतो, आणि तयार स्लीव्ह जेमतेम पाऊण किलोची असते. बाकीचा सगळा धातू कीस होऊन डब्यात जातो किंवा मागच्या तुकड्याच्या रूपाने कोपऱ्यात पडतो. अर्थात, तो तुकडा ते दुसऱ्या कामाला वापरतातच.

भोक पाडण्याचे ओबडधोबड काम सीएनसीवर न करता शेजारच्या जुन्या साध्या लेथवर केले. आधी २० मिमीचे, मग ३६ मिमीचे ड्रिल, मिनिटाला सुमारे शंभर फेरे आणि कुलंटची, म्हणजे थंड ठेवणाऱ्या द्रवाची, सतत धार. ३१६ ची एक खोड इथे लक्षात ठेवावी लागते: ड्रिल धातूत शिरून कापत राहिले पाहिजे, ते नुसते घासत राहिले तर घासलेला थर कडक होतो आणि मग त्याच्यावर कुठलीच धार धड चालत नाही. त्यामुळे जुन्या लेथवरचे काका टेलस्टॉकचे चाक फिरवताना मध्येच थांबत नव्हते. कीस काढायचा तर ड्रिल पूर्ण मागे घेत आणि परत जाताना ठामपणे दाबून शिरवत.

सीएनसी लेथचा प्रोग्रॅम ऑपरेटरने पॅनेलवरच लिहिला. पहिल्याच ओळींत त्याने जी ५० ने स्पिंडलच्या फेऱ्यांना १२०० ची कमाल मर्यादा घातली. पुढे जी ९६ ने कापण्याचा वेग मिनिटाला १४० मीटर असा स्थिर ठेवायचा होता आणि अशा वेळी टूल मध्याकडे जाऊ लागले की मशिन आपोआप फेरे वाढवत नेते; मर्यादा नसेल तर तोंड साफ करताना चक भलत्याच वेगाने फिरू लागतो. ६५ मिमी व्यासाला १४० मीटरचा वेग म्हणजे मिनिटाला साधारण ६८५ फेरे. बाहेरचा रफ कट, म्हणजे जादा धातू काढणारा ओबड कट, जी ७१ च्या चक्राने, फीड, म्हणजे टूलची पुढची सरक, फेऱ्याला ०.२५ मिमी, आणि इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाची बदलता येणारी पात, सीएनएमजी १२०४०८. या नावातला शेवटचा ०८ म्हणजे टोकाची गोलाई ०.८ मिमी, रफ कटला ती जाड, मजबूत गोलाई लागते. शेवटच्या हातासाठी, म्हणजे नेमके माप आणणाऱ्या अखेरच्या कटासाठी, त्याने ०.४ गोलाईचा दुसरा इन्सर्ट वेगळ्या खणात लावला. आतल्या व्यासाच्या चक्रात शेवटच्या हातासाठी शिल्लक ठेवायचा धातू उणे चिन्हाने द्यावा लागतो, कारण आत टूल बाहेरच्या दिशेने कापत जाते. हे चिन्ह चुकले तर मशिन तक्रार करत नाही, भोक फक्त मोठे होते. त्याने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली, मग पडद्यावर आकृती चालवून पाहिली, आणि पहिला फेरा एकेक ओळ थांबवत, वेग पंचवीस टक्क्यांवर आणून आणि फीड होल्डच्या (टूलची हालचाल थांबवणाऱ्या) बटणावर अंगठा ठेवून काढला.

बाहेरचा रफ कट पाहता पाहता झाला. आतला मात्र तसा नव्हता. ३२ मिमी जाडीचा बोरिंग बार, म्हणजे आतून कापणारे टूल धरणारा दांडा, चकाच्या दिशेने सुमारे १२० मिमी बाहेर काढावा लागत होता, म्हणजे जाडीच्या पावणेचार पट, आणि पोलादी बारची चौपटीपर्यंतच भिस्त असते. त्यापुढे तो थरथरू लागतो, आवाज चढतो आणि भोकाच्या भिंतीवर लाटा उमटतात. स्लीव्ह ११० मिमीची ठेवण्याचे हेही एक कारण होते. शिवाय ३१६ चा कीस तुटत नाही, तो लांबच लांब वेटोळे घेत बारभोवती गुंडाळला जातो, आणि प्रत्येक कटानंतर दार उघडून आकड्याने तो ओढून काढावा लागतो.

आतला रफ कट अर्ध्यावर असताना वीज गेली. पावसाळ्यात रत्नागिरीत याचे कुणाला नवल वाटत नाही, पण सीएनसी लेथचे टूल ३६ मिमीच्या भोकात ६० मिमी आत असताना अंधार होणे ही वेगळी गोष्ट असते. वीज आल्यावर मशिन सुरू करून सगळे अक्ष घरी, म्हणजे मशिनच्या ठरलेल्या आरंभबिंदूला, पाठवायचे, ही प्रत्येक ऑपरेटरच्या हाताची सवय असते, आणि त्यात आधी एक्स अक्ष (व्यासाच्या दिशेचा) हलवला जातो. टूल भोकात असताना एक्स अक्ष बाहेरच्या दिशेने हलवला तर टूलचे टोक सरळ भिंतीत घुसते, इन्सर्ट फुटतो, बार वाकतो आणि नगही जातो. पोराने घरी पाठवण्याच्या बटणाला हात लावला नाही. हँडव्हील झेड अक्षावर (लांबीच्या दिशेच्या) घेतले, सर्वांत लहान पायरी निवडली, दाराच्या काचेतून टॉर्च मारून बार भिंतीपासून किती दूर आहे हे पाहिले आणि एकेक खटक्याने बार सरळ मागे आणला. बार पूर्ण बाहेर आल्यावरच एक्स हलवला. भोकाच्या भिंतीवर टूल थांबल्याची एक बारीक गोल रेघ राहिली होती, पण पुढचे दोन कट बाकी होते, त्यांत ती निघून गेली.

आतल्या व्यासाचा शेवटचा हात घेण्याआधी त्याने व्यासावर ०.२ मिमी शिल्लक ठेवून एक कट घेतला आणि नग मोजायला घेतला. इथे मी एक आग्रह धरला होता. बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचे साधन) कारखान्यातल्या कुठल्याही मायक्रोमीटरवर शून्य न करता, ज्या मायक्रोमीटरने मी शाफ्ट मोजला होता, त्याच मायक्रोमीटरवर करायचा. माझ्या मायक्रोमीटरमध्ये दोन-तीन मायक्रॉनची चूक असेलही, पण शाफ्ट आणि भोक दोन्ही त्याच चुकीने मोजले गेले तर दोघांतला फरक बरोबरच येतो, आणि आम्हाला फरकच हवा होता. स्लीव्ह जगातल्या कुठल्याही ५० मिमीच्या शाफ्टवर बसायला हवी, अशी आमची मागणी नव्हती.

पहिले वाचन ४९.७४५ आले. मी कागदावर लिहिणार तोच ऑपरेटर म्हणाला, “काका, घाई नको. गरम आहे अजून.” हाताला नग कोमट लागत होता. ३१६ गरम झाले की साध्या पोलादापेक्षा जास्त पसरते, अंशामागे मीटरला सुमारे १६ मायक्रॉन; म्हणजे नग शाफ्टपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर ५० मिमीचे भोक १२ मायक्रॉनने मोठे दिसते. आमची सगळी जागाच १५ मायक्रॉनची होती. कुलंट चालू ठेवून, स्पिंडल हळू फिरवत त्याने नग थंड होऊ दिला, दरम्यान बाहेर चहा झाला, आणि परत मोजला तेव्हा माप ४९.७३५ वर आले होते. जगभर मापे २० अंश सेल्सिअसला धरली जातात, आणि जुलैत रत्नागिरीतल्या पत्र्याखालच्या शेडमध्ये २० अंश कुणी पाहिलेले नसतात. पण शाफ्ट, मायक्रोमीटर आणि नग तिघेही त्याच हवेत सारखे निवलेले असले की आमच्या कामापुरते भागते. त्या मापाच्या हिशोबाने त्याने टूलच्या झिजेच्या ऑफसेटमध्ये फरक भरला आणि शेवटचा हात घेतला. दोन्ही टोकांना मिळून भोक ४९.९३० ते ४९.९३५ यांच्यामध्ये बसले.

बाहेरच्या व्यासाचा शेवटचा हात घेताना फीड ०.०८ मिमीवर आणले. टूलच्या गोल टोकामुळे पृष्ठभागावर ज्या बारीक लाटा उरतात, त्यांची उंची फीडच्या वर्गाला टोकाच्या गोलाईच्या आठपटीने भागून येते, ०.०८ फीड आणि ०.४ गोलाई धरली तर ती २ मायक्रॉन होते. फीड अर्धे केले तर ही उंची चौथाईवर येईल, असे गणित सांगते, पण ३१६ मध्ये फार बारीक फीड दिले की टूल कापण्याऐवजी घासू लागते आणि पुन्हा तीच कडक थराची खोड डोके वर काढते. म्हणून तेवढ्यावर थांबलो आणि उरलेले काम नंतर बारीक पॉलिश पेपरने, फिरत्या नगावर तेल लावून केले. पॉलिश पेपर हातात गुंडाळून धरायचा नाही, पट्टी करून दोन्ही टोके मोकळी धरायची, हे त्याला सांगावे लागले नाही.

स्लीव्ह वेगळी करताना पार्टिंग टूल आरपार नेले नाही, भिंत १ मिमी उरेपर्यंतच खाच घेतली. आरपार नेले असते तर तयार नग फिरता फिरता ट्रेमध्ये आपटून बाहेरच्या पॉलिशवर ओरखडे पडले असते. नग उतरवून ती उरलेली भिंत हॅकसॉने कापली आणि मागचे तोंड साफ करायला ६० मिमीला बोअर केलेल्या सॉफ्ट जॉमध्ये (मऊ धातूच्या जबड्यांमध्ये), हलक्या दाबाने धरले. इथे दाबाने नळी किंचित दबली तरी बिघडत नव्हते, कारण आता कापायचे होते ते फक्त तोंड आणि चॅम्फर.

चढवण्याचे काम बोटीजवळच केले. वेल्डिंगच्या सळ्या सुकवायची विजेची भट्टी शेजारच्या वेल्डरकडे होती, ती २०० अंशांवर लावून स्लीव्ह तासभर आत ठेवली. ३० अंशांवरून २०० पर्यंत गेलेले ५० मिमीचे भोक सुमारे ०.१३ मिमीने उघडते, त्यातून ०.०३ चा दाब वजा केला तरी सगळीकडून फिरायला एक दशांश मिमीच्या आसपास जागा मिळते. शाफ्ट लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला होता आणि स्लीव्ह जिथे थांबायची तिथे एक क्लॅम्प घट्ट बसवला होता. आधी थंड असतानाच दोन जणांनी कोण काय धरणार याची तालीम केली, कारण गरम स्लीव्हने अर्ध्यात थंड शाफ्ट पकडला तर ती तिथेच राहते, पुढे नाही आणि मागेही नाही. चामड्याचे मोजे घालून भट्टीतून काढलेली स्लीव्ह तांडेलाने शाफ्टवर धरली, ती क्लॅम्पपर्यंत एका दमात सरकली, आणि काही क्षणांतच हाताने फिरवता येईनाशी झाली. शाफ्ट दोन आधारांवर फिरवून डायल लावली तेव्हा स्लीव्हचा डोल ०.०३ मिमीच्या आत होता. त्यात शाफ्टचा स्वतःचा वाकही धरलेला होता. थंड झाल्यावर बाहेरचा व्यास पुन्हा मोजला तर तो पंचवीसएक मायक्रॉनने वाढलेला आढळला. भिंत पातळ असली की आतून बसलेला ताण जवळजवळ सगळाच बाहेर दिसतो. बाहेरच्या मापाला सैल ठेवल्यामुळे त्याची फिकीर नव्हती.

बोट पाण्यात उतरल्यावर ग्लँड सुरुवातीला मुद्दाम सैल ठेवला. नवी दोरी बसेपर्यंत तिला पाण्याची धारच लागते, आणि नंतर एका वेळी नटाची जेमतेम एक बाजू, म्हणजे सहावा हिस्सा फेरा, आवळत नेत पाणी थेंबांवर आणावे लागते. शाफ्ट फिरताना थेंब पूर्ण बंद होऊ द्यायचे नाहीत, कारण तेच पाणी दोरी आणि स्लीव्ह दोन्हींना थंड ठेवते, हे तांडेलाला पटायला मात्र थोडा वेळ लागला. हंगामभर पाणी उपसून काढलेल्या माणसाला गळणारा ग्लँड ठीक आहे असे सांगणे सोपे नसते.

राखीव नग मागच्या तुकड्यापासून वेगळा न करता तसाच, तेलाच्या कागदात गुंडाळून कारखान्यातच ठेवला आहे, म्हणजे पुढे धरायला जाड भाग हाताशी राहील. पुन्हा चकात धरताना मध्य थोडा हलणारच, पण आत आणि बाहेर दोन्हीकडे धातू शिल्लक असल्याने दोन्ही व्यास पुन्हा एकाच पकडीत कापून घेता येतील. प्रोग्रॅमही मशिनमध्ये जपून ठेवला आहे. त्यात आतल्या व्यासाच्या शेवटच्या हाताचा आकडा ऑपरेटरने काढून टाकला असून, आराखड्याच्या कोपऱ्यात पेनाने लिहिले आहे: शाफ्ट मोजून आणल्यावर भरणे, मायक्रोमीटर सोबत आणणे.